स्टेनलेसला काय होतंय

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुठेच निघाली नाही. बायकोला माहीत नाही. सुहासला तर नाहीच नाही. तसा मी बडबड्या माणूस हो — गिऱ्हाईक आलं की आधी अर्धा तास गप्पा, मग काम. पण ही एक गोष्ट आठवली की जीभ टाळ्याला चिकटते. तुमच्यापुढे का सुटतेय? तुम्ही मला ओळखत नाही, उद्या रस्त्यात भेटलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही, म्हणून. एवढाच माझा शूरपणा.

इंदूरला आमचं बंदुकांचं दुकान आहे. लायसनचं, आजोबांपासूनचं. त्यांचे वडील संस्थानच्या शस्त्रागारात होते, त्यामुळे हत्याराला हात लावायचा तर कसा, हे आमच्या घरात मुंजीच्या आधी शिकवलं जातं. विकणं-बिकणं आता नावाला उरलंय. खरा धंदा जमा ठेवण्याचा. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, की लायसनवाल्यांनी आपापलं हत्यार ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्याच्या दुकानात जमा करायचं, आणि निकालानंतर परत न्यायचं. तोवर सांभाळायचं आम्ही.

आणि सांभाळणं म्हणजे काय नुसतं कुलूप? नाही भिया. दर महिन्याला एकेक नग बाहेर काढायचा, कोरड्या कापडानं पुसायचा — हाताचा घामसुद्धा राहता कामा नये — तेलाचा हलका हात फिरवायचा, कपाटातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बदलायच्या. आणि कातडी कव्हरात काही ठेवायचं नाही. कव्हर कमरेला लावायला असतं, साठवायला नाही. कातडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेली रसायनं धातूला खातात. अण्णा, माझे वडील, स्टेनलेसच्या बाबतीत तर जास्तच कडक. ते म्हणायचे, अरे, स्टेनलेस म्हणजे गंज उशिरा लागतो, लागतच नाही असं कोणी सांगितलं? आईच्या मिठाच्या डब्याचं बूड बघ जरा.

हे सगळं मला येत होतं. नीट येत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ‘बिचाऱ्याला माहीत नव्हतं’ असं कोणाच्या मनात यायला नको.

आता मुळेकाका. माझ्या वर्गमित्राचे, सुहासचे वडील. परदेशीपुऱ्याकडच्या एका मिलमध्ये इंजिनिअर होते. पगाराची रक्कम बँकेतून आणायचं काम त्यांच्याकडे असायचं, त्या काळातलं त्यांचं लायसन. मिल बंद पडली, लायसन राहिलं, आणि एक चकचकीत स्टेनलेसचा रिव्हॉल्वर राहिला. कधी कोणावर उगारला नाही त्यांनी. पण काकांचं खरं हत्यार ते नव्हतंच — त्यांची आठवण! बाप रे, काय आठवण. मिलच्या कुठल्या खात्यात कोणतं मशीन कधी बिघडलं होतं, आमच्या लग्नात पंगतीत माझ्या बाजूला कोण बसलं होतं, सगळं तोंडपाठ. गल्लीतल्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणायचे डोळे मिटून. कोणी म्हटलं, ‘काका, असेल असं काहीतरी,’ की खेकसायचे — ‘असेल म्हणजे काय? आहे की नाही ते बोल!’

आणि भीती होती ती एकाच गोष्टीची. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी सगळं विसरले होते. एकदा घरून निघाले ते संध्याकाळी इथल्या लालबाग राजवाड्याच्या फाटकाशी सापडले, एका पायात चप्पल. काका मला म्हणाले होते, ‘सतीश, हातपाय गेले तरी चालतील रे. पण हे नको.’ म्हणजे मला ठाऊक होतं. कुठे मारलं की वर्मी लागेल, ते मला चांगलं ठाऊक होतं.

विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा काका रिव्हॉल्वर घेऊन आले. तेल लावून, फ्लॅनेलच्या मऊ कापडात गुंडाळून. कव्हर वेगळ्या पिशवीत. मला बजावून सांगितलं, ‘कव्हरात घालू नको हं.’ मी म्हणालो, काका, मला सांगता? हसलो दोघं. पावती दिली. पावतीवर नंबर असतो, लायसन असतं. माल कोणत्या हालतीत आला, ते कोणी लिहीत नाही.

चारेक दिवसांनी खंडेनवमी आली. दुकानात आम्ही शस्त्रांची पूजा करतो, अजूनही करतो. पाटावर आमची स्वतःची हत्यारं, पाने, पेचकस. गिऱ्हाइकाचं हत्यार पाटावर ठेवायचं नाही हा अण्णांचा नियम, पण अण्णा तेव्हा नव्हते. आणि आमच्या त्या जुन्या काळ्या बंदुकांमध्ये फोटो काही उठून येईना! मी कपाटातून काकांचा रिव्हॉल्वर काढला. मधोमध ठेवला. क्या बात है — आरशासारखा चमकला. मुठीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. फोटो काढला. स्टेटसला टाकला. लोकांनी शाबासकीचे अंगठे पाठवले, मी खूष.

तेवढ्यात गर्दी झाली. जमा करण्याची मुदत संपत आली होती, लोक काउंटरवर कोपर टेकून ओरडत होते. मी पाट उचलला. आपल्या बंदुका पुसल्या, तेल लावलं — त्यांना लगेच गंज धरतो ना. काकांचा रिव्हॉल्वर त्याच्याच फ्लॅनेलनं वरवर पुसला. मुठीच्या फटीत गेलेलं कुंकू, गोळ्यांच्या चाकाच्या खाचेत उतरलेलं नारळाचं पाणी कोण बघतो? फ्लॅनेल ओलं झालं, ते टाकून दिलं. मग गुंडाळायला काही नाही. समोर पिशवी होती, पिशवीत कव्हर होतं. घातला कव्हरात. बटण लावलं. ‘स्टेनलेसला काय होतंय!’ — हे मी मोठ्यानं म्हणालो होतो, अजून कानात आहे.

निवडणूक झाली, पण काका मुलीकडे बंगलोरला गेलेले. मग लोकसभेची आली. मग पावसाळा. महिन्याच्या महिन्याला मी कपाट उघडत होतो, बाकीच्यांना तेल देत होतो, त्या कव्हराच्या पुढून हात नेत होतो. आळस म्हणा, माज म्हणा. बहुतेक माजच.

पाऊस सरल्यावर एका सकाळी काका स्कूटरवरून आले. एकटेच. खुशीत होते, बंगलोरच्या हवेची टिंगल करत होते. मी कव्हर काढलं, बटण उघडलं — आणि रिव्हॉल्वर निघेना. चामड्याला धरून बसला होता. ओढून काढला तर मुठीभोवती तांबूस कड, नळीवर खड्डे पडलेले ठिपके, आणि चाक फिरेना. अंगठ्यानं रेटलं, तरी फिरेना. काउंटरवर माझ्या हाताखाली तो पडलेला, आणि काका बघतायत.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, ‘अरे... मी तर फ्लॅनेलमध्ये दिला होता ना तुला? तेल लावून?’

इथे थांबतो जरा.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं? दुकानाच्या लायसनची नूतनीकरणाची फाईल तेव्हा कचेरीत पडून होती. जमा ठेवलेला माल खराब केला अशी एक तक्रार गेली असती तरी चौकशी लागली असती. हे खरं आहे. पण काका तक्रार करणारे होते का? मुळीच नाही. मी ‘चुकलो काका’ म्हटलं असतं तर एक शिवी घातली असती आणि चहा मागवला असता. मला ते माहीत होतं. तरी मी मान वर केली, आवाज मऊ केला — तो मऊ आवाज मला अजून सहन होत नाही — आणि म्हणालो, ‘नाही काका. कव्हरातच दिला होता तुम्ही. डाग तेव्हाही होते. मी बोललो पण होतो तुम्हाला. आठवत नाही का?’

काका माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे हलवले नाहीत. लहानपणापासून त्यांच्या घरी जेवलेला मी, सुहासच्या ताटातलं उचलून खाल्लेला मी. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतंय ते मला दिसत होतं. ते शोधत होते. आत कुठेतरी जाऊन शोधत होते, आणि फ्लॅनेल सापडत होतं, आणि त्या फ्लॅनेलवर आता त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी अजूनही बोलू शकत होतो.

मग ते म्हणाले, ‘असेल.’

बस्स. एवढंच. स्कूटर तिथेच ठेवून रिक्षानं घरी गेले. त्या दिवशी दुपारी मी फोनमधून खंडेनवमीचा फोटो काढून टाकला. हे काही घाबरून झालेलं नाही बरं का — बसून, चहा पीत, विचार करून केलं.

पुढचं सगळं सुहासकडून कळत गेलं. काकांनी लायसन परत केलं. स्कूटर मागितलीच नाही, चावी सुहासकडे दिली. बँकेचं बघणं सोडलं. पुढच्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणायला बसले ते पुस्तक हातात धरून; ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मी आरतीला उभा होतो, टाळ्या वाजवत होतो. सुहासनं डॉक्टरला दाखवलं, तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं उत्तम आहे, काही झालेलं नाही. काका घरी येऊन म्हणाले, ‘डॉक्टरला काय माहीत सतीशच्या दुकानात काय झालं ते.’

आणि सुहास — त्याने माझे आभार मानले हो! म्हणाला, यार, दुसऱ्या कोणी चार लोकांत तमाशा केला असता, तू सांभाळून घेतलंस बाबांना. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, अरे चालतं रे, घरचीच गोष्ट आहे.

मागच्या महिन्यात सुहासच्या मुलीचा साखरपुडा होता. काका एका कोपऱ्यात खुर्चीवर. मला हातानं जवळ बोलावलं, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, ‘सतीश, तू माझ्याशी खरं बोलतोस. बाकीचे सगळे मन राखतात. एक विचारू? ही गेली तेव्हा... मी होतो का तिच्याजवळ? मला वाटतं, होतो. पण मला काय, काहीही वाटतं हल्ली.’

काकूंना दवाखान्यात मीच माझ्या गाडीतून नेलं होतं, रिव्हॉल्वरच्या कितीतरी वर्षं आधी. मी दारात उभा होतो. काका पलंगाच्या कडेला बसले होते, काकूंचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता, आणि श्वास थांबला तरी त्यांनी तो सोडला नव्हता. नर्सला सोडवावा लागला. मी त्यांना सांगितलं, सगळं सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं.

त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला. म्हणाले, ‘तूही मन राखायला लागलास का रे?’

तेव्हाच सांगायला हवं होतं. ते समोर होते, कान शाबूत होते, बाजूला कोणी नव्हतं. मी विचारलं, काका, जेवलात का? आणि त्यांच्यासाठी ताट आणायला उठलो.

मुळेकाका काही विसरले नव्हते. रिव्हॉल्वर त्यांनी फ्लॅनेलमध्ये दिला होता, तेल लावून. एक डाग नव्हता त्यावर.