खिशातली खडीसाखर

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या खिशातलं सगळं सापडतं. एवढं एक राहिलं.

भिसेगावात आम्हा निवृत्तांचं सकाळी फिरायला जाणारं एक टोळकं आहे. माणसं चार, पण नाव ‘आरोग्य मंडळ’, आणि अध्यक्ष मी. पदांची आयुष्यभर थट्टा केली. हे मात्र सोडवलं नाही. मिळालं होतं ते मला कुठलाच आजार नव्हता म्हणून. निदान मंडळाला तसं माहीत होतं. मला मधुमेह होता — आहे. गोळ्या मी पनवेलहून आणतो आणि व्हिटॅमिनच्या डबीत ठेवतो.

मंडळातले ठोंबरे इन्शुलिन घेतात. लपवत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते बिस्किटं जवळ ठेवायचे, चढ लागण्याआधी दोन खायचे. मी एकदा म्हणालो, "ठोंबरे, फिरायला निघालात की बालवाडीला?" सगळे हसले. तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून बिस्किटं बंद.

आणि माझ्या खिशात तेव्हा काय होतं? खडीसाखरेची पुडी. डॉक्टरांनी मलाही तेच सांगितलं होतं ना.

त्या सकाळी आम्ही टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढत होतो. अर्ध्यावर ठोंबरे थांबले. घामानं निथळलेले, हात थरथरतायत, आणि मला म्हणतात, "वैनी, म्हशीला पानी दावलंस का गं?" बाकीच्या दोघांना हसू आलं. मला नाही. साखर उतरली की काय होतं, ते मी पुस्तकात वाचलं नव्हतं — अंगावर काढलं होतं.

हात खिशात गेला. पुडी बोटांना लागली. बाहेर काढली असती तर कुणीतरी विचारलंच असतं — मास्तर, तुमच्याकडे ही कशाला? इतका साधा प्रश्न. त्याला मी भ्यालो. पुडी मुठीत घट्ट धरून ओरडलो, "यांची साखर उतरलीय! कुणाकडे काही गोड आहे का?"

ऐकलंत ना? कुणाकडे आहे का, हे मी विचारलं.

ते दोघं खिसे चाचपताहेत तोवर ठोंबरे कलंडले आणि चार पायऱ्या खाली जाऊन खांद्यावर आदळले. वरच्या वाडीतली एक बाई केळ्यांची पाटी घेऊन बाजाराला उतरत होती. तिनं पाटी टेकवली. "आवं, बघत काय रायलाव? बसता धरा त्याला!" ते गिळू शकत होते. तिनं केळं कुस्करून भरवलं, थोड्या वेळानं दुसरं. मग त्यांनी मला मास्तर म्हणून ओळखलं.

पुढे मंडळानं सत्कार केला. माझा — वेळेवर ओळखलं म्हणून. शाल, श्रीफळ, तीन भाषणं. त्या बाईचं नावही कुणी विचारलं नव्हतं. ठोंबऱ्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही; डाव्या हातानंच शाल घालत ते म्हणाले, "मास्तर, तुमी व्हता म्हनून मी हाय." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

अजून एक आहे. ठोंबऱ्यांना टेंपोतून दवाखान्यात नेलं, तेव्हा मी बरोबर गेलो नाही. चष्मा वर राहिला म्हणालो. माझेही हात थरथरायला लागले होते. देवळामागे गेलो, पुडी सोडली, सगळी खडीसाखर खाल्ली.

दहा मिनिटांत बरं वाटलं.