दिगू आणि माझं आतडं

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात काय आलं असेल, तर आता माझ्या ताटात डोकावणार कोण?... मग रडू आलं.

दिगंबर माझा हातकणंगल्याचा शाळासोबती. मी दुधाच्या धंद्यात पडलो, तो कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला आणि जन्मभर एकाच गोष्टीच्या मागे लागला : आतड्याच्या अस्तरातल्या पेशी. या पेशींच्या माथ्यावर म्हणे ब्रशासारखे बारीक केस असतात. प्रत्येक केसात धाग्यांची जुडी, आणि सगळ्या जुड्यांची मुळं खाली एका जाळीत रोवलेली. त्या जाळीच्या जिवावर केस ताठ उभे राहतात, म्हणून खाल्लेलं अंगी लागतं. हे सगळं तो मला तांबडा रस्सा ओरपताना ऐकवायचा. मी म्हणायचो, जेवू दे की बाबा.

पुढं माझंच वजन उतरायला लागलं. कितीही खाल्लं तरी सदरा लोंबायचाच. घरच्यांनी नको त्या रोगाचा धसका घेतला. डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासला आणि सांगितलं, तुम्हाला गहू बाधतो, कायमचा सोडा. मला काही पटेना. गव्हानं कुठं माणूस खंगतो होय? तो तुकडा लावलेली काच घेऊन थेट दिगूकडं गेलो. भिंगाला डोळा लावून हा गप्प. जन्मात पहिल्यांदा गप्प! मी आपला जीव मुठीत धरून बसलेला...

"केस झडल्यात, बाळ्या," तो शेवटी म्हणाला. "जाळी ह्या भिंगातनं दिसत न्हाय, पर ती बी उसवली असणार. तरी ह्या पेशी सारख्या नव्या येत्यात. तू गहू सोड, केस परत उभे ऱ्हातील."

तिथून त्यानं माझी पाठ सोडली नाही. लग्नाच्या पंगतीत आमंत्रण नसताना पिशवीत भाकरी घेऊन हजर! मिसळीबरोबरचा पाव माझ्यासमोरून उचलून स्वतःच खायचा. शेवटी पोट सुटलं ते त्याचं. वर्षभरानं पुन्हा तपासणी झाली. नव्या काचेत केस परत उभे बघून तो आनंदानं असा ओरडला, की बाहेरची पोरं धावत आली. ती काच त्यानं माझ्याकडून मागूनच घेतली आणि पुढं दरवर्षी पोरांना तीच दाखवली. माझं नाव मात्र कधी सांगितलं नाही.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. पोरांनी टेबलावर सरांचा फोटो ठेवलेला, आणि शेजारी सरांच्या लाडक्या काचेचा मोठा केलेला फोटो. गुलाबी पेशी, माथ्यावर केसांची दाट, सरळ किनार. शिपायानं बिचाऱ्यानं दोन्ही फोटोंना हार घातलेले. दिगूच्या बायकोला, लतावहिनींना, ते आतडं कुणाचं हे ठाऊक होतं. जित्या माणसाच्या फोटोला हार कसा, म्हणून त्या कानकोंड्या होऊन काढायला पुढं झाल्या. मी आडवा आलो.

"राहू द्या वहिनी," मी म्हणालो. "आतडं माझं, पण उभं त्यानं केलंय. हार त्याचाच हाय."