वस्तादांची थंडाई

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, नंतर मला लाज वाटेल. माझ्याएवढा गाढव अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही.

संस्थान नुकतंच विलीन झालेलं. मी कचेरीत कारकून, अंगानं काटकुळा. लग्नाला वर्ष झालं, पण खोलीचं दार लागलं की मला घाम फुटायचा आणि पुढं काही जमायचंच नाही. आता हे सांगणार कुणाला? इकडे आई जोतिबाला नवस बोलून थकली आणि सगळा राग माझ्या बायकोवर, शालनवर काढायला लागली. "हिचीच कूस बरी न्हाई. कागलला म्हायेरी धाडून देते हिला."

शालन मला म्हणाली, "खोट कुणाची आन् शिक्षा कुणाला? जावा की कुणाकडं तरी."

दवाखान्यात जावं, तर ओळखीचं कुणीतरी भेटणारच. मग कोल्हापूरचा गडी दुसरा कुठं जाणार? तालमीत गेलो.

वस्तादांनी विचारलं, "काय पायजे?"

"ताकद."

"कशापायी?"

मी मातीकडं बघत म्हणालो, "अशीच. अंगात असावी म्हणून."

"मग ऱ्हा की हितंच."

राहिलो की! जोर, बैठका आणि वर लोटाभर थंडाई. तालमीचा नियम असा, की बायकोचं तोंड बघायचं नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखंच झालं. 'उपचार चालू आहेत' असा शालनला निरोप धाडला आणि निवांत झालो.

महिनाभरानं एका सकाळी शालन तालमीच्या दारात. बायकांनी आत यायचं नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच खणखणीत आवाजात म्हणाली, "वस्ताद, आमच्या मालकांचं औषध कुठवर आलं?"

"कसलं औषध, पोरी?"

"संसार सुरू व्हावा म्हणून आलेत न्हवं ते? सासूबाई मला म्हायेरी धाडाय निघाल्यात."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "आरं बाबा, मग आधी बोलायचं न्हाईस व्हय? तुमा पोरांचं मन घराकडं वळू नये म्हणून त्या थंडाईत रोज धण्याचं पाणी घालतोय की मी!"

पैलवान हसून हसून लाल मातीत लोळले. मी त्याच मातीत तोंड लपवलं.

तिथून शालननं मला थेट डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

मी घसा खाकरला. "तसं काही नाही. जरा ताकद..."

"डॉक्टर," शालन म्हणाली, "ह्यांना भायेर बसवा. मी सांगते."

मी मुकाट्यानं बाहेर बाकावर जाऊन बसलो. पुढे आम्हाला मुलगी झाली. ती आईवर गेलीय, हे आमच्या घराण्याचं नशीब.