एकविसाव्या संकष्टीचा चंद्र

आमच्या दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या भजनात हल्ली आरती संपली, की प्रसादाआधी जपान निघतं. गेलो होतो चौघंच: मी, हे, कतारमध्येच दुखानला राहणारी नीलिमा आणि मूळची वसईची, इथे नर्स असलेली ग्लोरी. पण किस्से इतके साठलेत, की न गेलेल्या बायकाही आता ते आपलेच असल्यासारखे सांगतात.

माझं जायचं नक्की नव्हतं. लेकीसाठी एकवीस संकष्ट्या बोलले होते. दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता. आता सातवा महिना लागला होता, आणि ह्यांच्याशिवाय मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकविसावी संकष्टी नेमकी आम्ही जपानच्या एका लहानशा बेटावर असताना येत होती.

"चंद्र तिथेही उगवतो," हे म्हणाले आणि तिकिटं काढून मोकळे.

*

हे गॅस प्लँटमध्ये शटडाउनचं प्लॅनिंग करतात. घरातही वाक्यागणिक 'यल्ला', म्हणजे चला, आवरा. बेटावर बस तीन तासांनी एक. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर बस थांबवून उतरला आणि एका म्हातारीची मुळ्याची जुडी तिच्या दारापर्यंत पोचवून आला. हे घड्याळाकडे बघत होते, आम्ही ह्यांच्याकडे.

ज्या आजींकडे उतरलो होतो, त्यांच्याकडे एक बैठं टेबल होतं. वर रजई, खाली हीटर. ह्यांनी त्यात पाय घातले ते घातलेच. तिसऱ्या दिवशी नीलिमानं दारातून हाक मारली, "भाऊजी, यल्ला, बस आली!"

ह्यांनी डोळेही उघडले नाहीत. "पुढची. इन्शाल्ला."

*

गावात गरम पाण्याचं कुंड होतं, बायकांचं वेगळं. पण आत कपडे चालत नाहीत. नीलिमा दाराशीच अडली. निदान गाऊन तरी, म्हणाली.

ग्लोरी म्हणाली, "वीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. तुझ्यात नवीन काय असणार?"

तासाभरानं नीलिमाला बाहेर काढायला आजींना पाठवावं लागलं.

*

मग संकष्टी आली. चंद्रोदय कुठला धरायचा? ह्यांचं मत, आपण राहतो कतारला, तेव्हा दोह्याचा. म्हणजे आणखी सहा तास उपाशी! शेवटी नाशिकच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. ते शांतपणे म्हणाले, "जिथे पोट, तिथला चंद्र."

दुपारी मी काहीच खात नाही बघून आजी कासावीस झाल्या. आत जाऊन त्यांनी काय आणावं? निखाऱ्यात भाजलेलं रताळं!

नीलिमा म्हणाली, "वहिनी, बाप्पा आपल्या आधीच्या बोटीनं आलेत."

*

संध्याकाळी मात्र आभाळ भरलं. चंद्रोदयाची वेळ टळून गेली. हे पहिल्यांदाच टेबलाखालून पाय काढून अंगणात येरझाऱ्या घालू लागले. मी ओटीवर जपमाळ घेऊन बसले होते. एकवीसपैकी वीस झाल्या, आणि हीच अडते की काय, असं मनात येत होतं.

आजींनी पानं मांडली. ग्लोरीनं मोबाइलवर त्यांना सांगितलं, की चंद्र दिसल्याशिवाय ही जेवायची नाही.

आजींनी आपल्या वाडग्यावर पुन्हा झाकण ठेवलं. रजई घेऊन बाहेर आल्या, अर्धी माझ्या पायांवर घातली आणि शेजारी बसल्या. मग हळूच काहीतरी विचारलं. ग्लोरीच्या हातातला मोबाइल मराठीत म्हणाला, "आमच्याकडेही सुखरूप बाळंतपणासाठी बायका अशाच चंद्राची वाट बघत बसायच्या. कितवा महिना?"

नीलिमाला हसू आवरेना. "आजी, अहो, ह्या अठ्ठावन्नच्या आहेत!"

आजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी जपमाळ मांडीवर ठेवली आणि सात बोटं दाखवली.

आजींनी मान डोलावली, आणि समुद्रावरच्या ढगांकडे तोंड करून हात जोडले.