दरवाज्याखालचा उजेड

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाज्याजवळ हरिदासचा फोटो स्टुडिओ होता. गावभरच्या लोकांचे फोटो त्याने काढले, बायकोचा मात्र एकही नाही. रोल महाग, आणि घरचं माणूस कुठे पळून चाललंय, केव्हाही काढू, हे त्याचं ठरलेलं उत्तर. लग्नातही फोटोवाला नव्हता. तेव्हा हा गडी माजरीच्या खाणीत कोळसा भरत होता.

वेड एकच. दिवाळीच्या सुट्यांत गोंडराजांच्या त्या जुन्या दरवाज्यावर दिव्यांच्या माळा चढल्या, की हा रात्री स्टँडवर कॅमेरा लावून उभा. माळांनी वरचा भाग झळाळायचा, खालचे दगड मात्र काळेच राहायचे. म्हणून त्याची बायको सत्यशीला काळं लुगडं नेसून, कॅमेऱ्याकडे पाठ करून, टॉर्चचा उजेड भिंतीवर फिरवत चालायची. शटर बराच वेळ उघडं असायचं. चालतं माणूस त्यात उमटत नाही.

“थांबू नोको!” हरिदास ओरडायचा. “थांबली त फोटोत येशीन!”

एका वर्षी ती थांबलीच. वळून हसली. “पाय दुखून राह्यले जी.” त्या फोटोत ती छान आली होती. हरिदासने निगेटिव्ह वाया गेली म्हणून चुलीत टाकली.

शहाऐंशीच्या दिवाळीत तिला ताप होता. तरी ती टॉर्च घेऊन आली, आणि यानेही तिला येऊ दिलं. आठवड्यात हिवताप मेंदूत चढला आणि बाई गेली.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदन विधीसाठी नागभीडहून तिची आई, अंजनाबाई, आली. पांढरं लुगडं, हातात फुलांचा हार. बुद्धाच्या तसबिरीशेजारची जागा रिकामी पाहून म्हणाली, “फोटो कुठी आहे माह्या पोरीचा?”

हरिदासच्या कॅमेऱ्यात त्या दिवाळीचा शेवटचा रोल तसाच पडून होता. अंधाऱ्या खोलीत त्याने रोल धुवायला घेतला. तिच्या अंगात ताप होता, कुठेतरी थकली असेल, क्षणभर टेकली असेल. एकदा तरी माझं ऐकलं नसशील ना गं, असं तो पुटपुटत राहिला. ओल्या निगेटिव्ह एकेक करून बल्बसमोर धरल्या. दरवाजा होता, माळा होत्या, खालचे दगड लख्ख उजळलेले होते. सत्यशीला कुठेच नव्हती. तापातही ती चालत राहिली होती.

त्यातलाच एक फोटो मोठा करून तो बाहेर आला. अंजनाबाईने तो डोळ्यांजवळ नेला, पुन्हा दूर धरला.

“यात कुठी आहे ते?”

हरिदासने खालच्या दगडांवर बोट ठेवलं. “हा उजेड तिचा आहे, आई. तिनंच पाडला.”

म्हातारीने हार मांडीवर ठेवला.

“उजेड घेऊन मी का करू, जवाईबापू? मले तिचं तोंड पायजे.”