दाराबाहेरचं बोलणं

परभणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी कानातली नळी काढली आणि अप्पांना म्हणाले, "बेटी का दिल अच्छा है. फिकर नक्को करो." अप्पांनी हात जोडले. मला मात्र दरदरून घाम फुटला. आपण आता मरणार, हे मला तिथंच कळून चुकलं.

कारण वर्षापूर्वी याच खोलीत माझ्या थोरल्या बहिणीला, गिरिजाअक्काला, असंच सांगितलं होतं. लहानपणी सांधे सुजून तिला ताप आला होता. त्यात तिच्या हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे रक्त पुढं सोडणारी झडप, खराब झाला होता. तिच्यासमोर सगळे 'बरी होशील' म्हणाले. खरं काय ते अप्पांना दाराबाहेर नेऊन सांगितलं. श्रावण लागायच्या आत आम्ही तिला माती दिली.

आणि आता डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं, अप्पांना खूण केली, आणि दोघं दाराबाहेर गेले.

मी पंधरा वर्षांची होते. पाथरीला आमचं कापडाचं दुकान होतं. अक्का गेल्यावर माझी छाती धडधडायला लागली. डॉक्टर त्याला पाल्पिटेशन म्हणतात, म्हणजे एरवी ध्यानातही न येणारे हृदयाचे ठोके जोरात, भराभर जाणवायला लागणं. भाकरी थापताना, वेणी घालताना, कधीही सुरू व्हायचं. एखादा ठोका चुकायचा. आम्ही लिंगायत; पूजेला बसले की तळहातावर धरलेलं इष्टलिंग ठोक्यागणिक हलताना दिसायचं. ते हातून पडेल या धास्तीनं ठोके आणखी वाढायचे.

दवाखान्यातून आल्यावर तर मी खचलेच. विहिरीवर जाईना, डाव्या कुशीवर निजेना. सारखं मनगटावर बोट. आईनं दृष्ट काढली. शेजारणी म्हणाल्या, पोरगी थेरं करायलीय. मी अप्पांच्या तोंडाकडं बघत राहायची. ते माझ्याकडं बघायचं टाळायचे, आणि त्याचा अर्थ मी एकच लावायची. माझा रेशमी परकर घडी घालून मी चुलतबहिणीला देऊन टाकला. मला आता तो कशाला, असं वाटलं.

एका दुपारी अप्पा जेवायला बसले होते. मी विचारलं, "अप्पा, मी कवा मरणार हाय?"

त्यांचा हात ताटातच थांबला. "असं कोण म्हणलं?"

"अक्काला बी तुमी बरी व्हशील असंच म्हणला व्हता."

अप्पा ताट तसंच सोडून उठले. दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं मानवत रोड स्टेशन, तिथून रेल्वेनं परभणी. आपल्याला तिथं ठेवून घेणार, परत आणणार नाहीत, असंच मी वाटभर धरून चालले होते.

डॉक्टरांनी मला पुन्हा तपासलं आणि बाहेर जायला उठले. अप्पा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "साहेब, बाहेर न्हाई. मागल्या वेळी जे बोलला ते हिच्यासमोर बोला."

डॉक्टर खाली बसले. त्यांनी सगळं सांगितलं. अक्काच्या छातीत प्रत्येक ठोक्याबरोबर वेगळा आवाज यायचा, माझ्या छातीत तो नव्हता. बाहेर ते अप्पांना एवढंच म्हणाले होते, की पोरीनं बहिणीचं मरण पाहिलंय, तिला एकटं सोडू नका, बहिणीबद्दल तिच्याशी बोला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ये आते रहेगा, बेटी. डराएगा. मगर इससे तू मरने की नहीं."

पहिल्यांदाच कुणी मला 'काही झालं नाही' म्हणून टाळलं नव्हतं. म्हणूनच माझा विश्वास बसला.

बाहेर आल्यावर मी अप्पांना विचारलं, हे मला आधीच का सांगितलं नाही. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "तिचं नाव काढलं की माझ्या तोंडातून सबुदच निघत न्हाई, नीला."

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. ते वर्षानुवर्षं येत राहिलं, अजूनही येतं. तुमच्या घरात असं घाबरलेलं पोर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मग ते काय म्हणाले ते त्या पोराला सांगा.

त्या दिवशी स्टेशनवर गाडीची वाट बघताना मला पुन्हा सुरू झालं. भीती तितकीच वाटली. अप्पांनी माझा हात छातीवर गेलेला पाहिला.

"आलं का?"

"हां."

ते सरकून माझ्याजवळ बसले. अक्का लहानपणी दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यामागं लपून झोपी गेली होती आणि सगळ्या पेठेनं तिला शोधलं होतं, ते सांगायला लागले. मधेच त्यांचा आवाज अडकला. मी पुढं विचारत राहिले. गाडी फलाटाला लागली तेव्हा माझी धडधड थांबली होती की नव्हती, ते मला आठवत नाही.