पात्याखालचं पुस्तक

झेरॉक्सच्या दुकानात एका नर्सबाईंनी आपलं जाडजूड पाठ्यपुस्तक काउंटरवर ठेवलं. "दादा, बाइंडिंग कापा आणि सगळी पानं स्कॅन करा. मोबाइलमध्ये शब्द टाकला की पान सापडलं पाहिजे."

रांगेत माझ्यापुढे उभे असलेले एक निवृत्त प्राध्यापक कळवळले. "अहो, पुस्तक कापता? विद्या आहे ती!"

"सर, परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. दोनदा नापास झालेय. वॉर्डात हे धूड घेऊन कुठे बसू?"

सर गप्प झाले नाहीत. असे लोक होत नाहीत. मला मात्र आपला दसरा आठवला. आपण पुस्तकांना हळदकुंकू वाहतो आणि त्या दिवशी वाचनाला सुट्टी देतो. माझ्याही घरी काचेच्या कपाटात कितीतरी पुस्तकं सुखरूप आहेत, कुणी हात न लावल्यामुळे. अखंड राहिली, एवढंच त्यांचं कर्तृत्व.

सरांच्या धाकानं दुकानदार घुटमळला. कटरचं पातं वरच राहिलं.

"कापा हो," बाई म्हणाल्या. "पुस्तकाचा मान राखला म्हणून मला कुणी गुण देणार नाही." त्यांनी पुस्तकाला नमस्कार केला आणि स्वतःच ते पात्याखाली सरकवलं.